गुत्तीचा निळा कोळी : अंड्यांची पिशवी आणि पिल्लांचे संगोपन

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या मनात एक कोळी कायमचा घर करून असतो. गुहेत लपलेल्या राजा ब्रूसने पाहिलेला, पडूनही पुन्हा चढणारा तो कोळी. संस्कृत घेतलेल्यांना आणखी एक आठवेल : मुंडकोपनिषदातील ऊर्णनाभी, जो स्वतःतून तंतू निर्माण करतो आणि स्वतःतच परत घेतो. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला कोळी या दोहोंहून निराळा आहे. तो भिंतीवर चक्राकार जाळे विणत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत तो दिवस काढतो आणि रात्री बाहेर पडून भक्ष्यावर झडप घालतो. हाताच्या पंजाएवढा पसरणारा आणि अंगभर केस असणारा हा प्राणी टॅरँट्युला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोळ्यांपैकी आहे. असा विषय शाळेच्या व्यासपीठाला शोभतो का, अशी शंका काहींच्या मनात येईल. व्याख्यान संपेपर्यंत त्यांनी ती राखून ठेवावी, एवढीच विनंती.

गुत्ती हे नाव मराठी माणसाला मुरारराव घोरपड्यांमुळे ठाऊक असते. आंध्र प्रदेशातील त्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी पुढे रेल्वे आली, आणि रेल्वेबरोबर लाकडाची वखारही आली. त्या वखारीत एक अपूर्व निळा कोळी सापडला. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड इनिस पोकॉक यांनी १८९९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि धातूसारख्या झळाळीवरून त्याचे नाव ठेवले पोइसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभर वर्षे या कोळ्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये तो पुन्हा दिसला, पण गुत्तीत नव्हे. नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या, नल्लमला डोंगररांगेतील पानझडी जंगलात तो आढळला. गुत्तीच्या वखारीत तो लाकडाच्या ओंडक्यांबरोबर रेल्वेने येऊन पडला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या गावाचे नाव तो जगभर मिरवतो, ते त्याचे गाव नव्हेच. या जातीच्या नराचे शास्त्रीय वर्णन व्हायला तर २००६ साल उजाडले. ते लिहिणाऱ्या चौघांमध्ये पुण्याचे संशोधक देशभूषण बस्तवडे हे एक होते.

त्याच्या निळाईबद्दल एवढेच सांगणे पुरे की, ती रंगद्रव्याची नाही. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित होताना तो निळा दिसतो. पिल्लूपणी ही निळाई फिकी असते आणि दर कातीबरोबर ती गडद होत जाते.

जंगलात सापडल्यावर थोड्याच वर्षांत हा कोळी युरोप-अमेरिकेच्या बाजारात पोहोचला. तो कायदेशीर मार्गाने गेला नव्हता, हे निराळे सांगायला नको. सुरुवातीला एकेका पिल्लाला शेकडो डॉलर मोजले गेले. पुढे पाळणाऱ्यांनी तो पेटीत वाढवला, त्याची अंडी उबवली, आणि किंमत उतरत गेली. आज परदेशात त्याची पिल्ले सहज मिळतात. ही पिल्ले वाढवण्याची विद्या ज्यांनी कमावली, त्यांच्या चिकाटीचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. ज्या वाटेने हे प्राणी त्यांच्या हाती आले, त्या वाटेचे कौतुक मात्र करवत नाही. आजचे विवेचन या दोन भावनांच्या मध्ये उभे आहे.

आता त्या विद्येकडे वळू.

नर-मादीचे मीलन झाले म्हणजे अंडी लगेच येतात असे नाही. मधे काही महिने जाऊ शकतात. या काळात मादी भरपूर खाते, तिचे पोट टपोरे होते, आणि पाळणाऱ्याच्या मनात एकच धास्ती असते : ती कात टाकील काय? कोळ्याची मादी कात टाकते तेव्हा नराचे बीज साठवून ठेवणाऱ्या अवयवाचे अस्तरही कातीबरोबर निघून जाते. महिन्यांची प्रतीक्षा एका रात्रीत फुकट जाते आणि सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते. कात टाकली नाही, तर एके दिवशी मादी बुचाच्या सालीमागील आपल्या निवाऱ्याचे तोंड रेशमी धाग्यांनी बंद करू लागते. ही खूण ओळखता येणे महत्त्वाचे, कारण त्या क्षणापासून पेटीला हात लावायचा नसतो.

आत काय घडते? मादी रेशमाची एक चटई विणते, तिच्यावर अंडी घालते, चटईच्या कडा वर ओढून घेते आणि तिचा गोल गोळा करते. या गोळ्याला मराठीत रूढ असा सुटसुटीत शब्द नाही, म्हणून येथे त्याला पिशवी म्हटले आहे. निळ्या कोळ्याच्या पिशवीत साधारण शंभराच्या आसपास अंडी असतात. पिवळसर आणि गोल अशी ही अंडी बारीक साबुदाणा भिजवल्यावर दिसतो तशी दिसतात. मादी पिशवी सोडून जात नाही. ती बहुधा खात नाही. पायांत धरून ती पिशवी अधूनमधून फिरवत राहते, ढोलीत ओल फार झाली तर जरा वर नेते आणि कोरडे झाले तर खाली आणते. पिशवी फिरली नाही तर तळाची अंडी वरच्यांच्या भाराखाली दबतात, एकमेकांना चिकटतात आणि कुजू लागतात. एक कुजले की बुरशी शेजारच्याला लागते.

हे सारे मादी अंधारात, कुणाच्या नजरेवाचून करते. नजर पडली की काम बिघडते. पेटी हलवली, दिवा लावून पाहिले, झाकण वारंवार उघडले, तर मादी पिशवी खाऊन टाकते. त्यात क्रौर्य शोधण्याचे कारण नाही. संकट जवळ आले, पिल्ले वाचणार नाहीत, असे ज्या काही रीतीने तिला जाणवते, त्यानंतर घातलेले बळ ती परत घेते. अंडी निष्फळ असली तरी ती हेच करते. त्यामुळे पिशवी खाल्ली गेली म्हणजे पाळणाऱ्याचीच चूक, असेही नाही. पण पुष्कळदा चूक त्याचीच असते, आणि ती उत्सुकतेची असते.

येथे पाळणाऱ्यांमध्ये दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, पिशवी आईपाशीच राहू द्यावी, ती सर्व जाणते. या जातीच्या बाबतीत हे म्हणणे वजनदार आहे, कारण पोइसिलोथेरिया वंशातील आया पिल्ले बाहेर आल्यावरही त्यांना काही काळ आपल्या ढोलीत वावरू देतात. कोळ्यांच्या जगात हे विरळाच. दुसरा पक्ष म्हणतो, तीन-चार आठवडे आईला काम करू द्यावे, नंतर पिशवी काढून घ्यावी. एवढ्या अवधीत आतली अंडी पुढच्या अवस्थेत गेलेली असतात, आणि आईने घाबरून पिशवी नष्ट करण्याचा धोका टळतो. कोणताही पक्ष स्वीकारला तरी अगदी सुरुवातीलाच पिशवी काढणे हे सर्वांत अवघड, हे दोघांनाही मान्य आहे. लवकर काढली, तर आईचे काम तितके दिवस माणसाला करावे लागते, आणि ते काम दिसते तेवढे सोपे नाही.

पिशवी काढणे हेही धाडसाचेच. लांब चिमटा, एक रुंद नरसाळे किंवा पेला, आणि शांत हात लागतात. ही मादी अतिशय चपळ असते. तिचा दंश सहसा प्राणघातक ठरत नाही, तथापि तीव्र वेदना आणि कित्येक दिवस पुन्हा पुन्हा येणारे स्नायूंचे पेटके यांची वैद्यकीय नोंद आहे. आईपासून पिशवी घेताना ती स्वस्थ बसेल अशी अपेक्षा करणे हा माणसाचाच भाबडेपणा.

काढलेली पिशवी कात्रीच्या टोकाने हळुवार उघडतात. एका डबीत तळाशी पाणी किंवा ओला कागद, त्याच्या वर कापडाची अथवा कॉफी गाळण्याच्या कागदाची झोळी, आणि झोळीत अंडी. पाण्याचा स्पर्श अंड्यांना होता कामा नये. त्यांना लागते ती ओलसर हवा. डबीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखतात. आई जसे पिशवी फिरवी तसे दिवसातून अनेकदा अंडी हळूच लोळवावी लागतात. काळवंडलेले, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले अंडे मऊ कुंचल्याने त्याच वेळी वेगळे करावे लागते. हवा कोंडली तर बुरशी, हवा जास्त खेळली तर अंडी सुकतात. याशिवाय फोरिड जातीच्या बारीक माश्या. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून त्या शिरतात, त्यांच्या अळ्या पाहता पाहता सारी झोळी फस्त करतात. त्यासाठी झाकणाच्या छिद्रांवर बारीक विणीचे कापड ताणून लावतात.

जंगलात हे सारे एकटी आई करते, आणि तिच्याजवळ ना तापमापक असतो ना घड्याळ. माणसाला मात्र घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या वाटून घ्याव्या लागतात.

मग एके दिवशी अंड्यांना पाय फुटतात. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे ते या दृश्याविषयी फार हळुवारपणे बोलतात. अंड्याचे पातळ कवच मागे सरकते आणि पिवळसर पोटाला चिकटलेले आठ पारदर्शक पाय उलगडतात. हा जीव चालत नाही, खात नाही, त्याला केस नसतात. पोटातील बलकावर तो जगतो. त्यानंतर एक कात टाकली की अंगावर केस येतात, रंग थोडा गडद होतो, पाय चाळवू लागतात, पण भूक अजून नसते. आणखी एक कात, आणि तो खराखुरा छोटा कोळी होतो. अंड्यापासून येथपर्यंत तापमानानुसार दोन-अडीच महिने लागतात. या टप्प्यांत घाई करणारा फसतो. अन्न आधी दिले तर ते नुसतेच कुजते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

पहिले भोजन म्हणजे फळमाश्या, किंवा नुकतेच जन्मलेले रातकिडे. जगात मोठे काही असल्याचे पिल्लाला ठाऊक नसते, आणि पाळणाऱ्यानेही ते त्याला ठाऊक करून देऊ नये. कात टाकण्याच्या आधी पिल्लू खाणे सोडते. अशा वेळी जिवंत रातकिडा डबीत राहिला, तर मऊ पडलेल्या पिल्लालाच तो कुरतडतो. म्हणून पिल्लू खात नसेल तर भक्ष्य काढून घ्यायचे. न खाणारे मूल आजारी आहे असे धरून चालणाऱ्या घरांना हा नियम उमजायला वेळ लागतो.

या वंशाची पिल्ले आरंभी एकमेकांना बरीच सहन करतात. तरीही बहुतेक पाळणारे त्यांना लवकरच वेगळे करतात. शंभर डब्या, प्रत्येकीत ओलसर कोकोपीटचा थर, उभा ठेवलेला सालीचा तुकडा, झाकणाला हवेसाठी छिद्रे. प्रत्येक डबीवर आईची ओळख आणि पिशवी उघडल्याची तारीख. ही चिठ्ठी क्षुल्लक वाटते, पण कोणती पिल्ले कुणाची, हे तिच्यावाचून पुढे कळत नाही, आणि सख्ख्या भावंडांची पिढ्यानपिढ्या जोडी लावली गेली की वंश क्षीण होतो. मादी बारा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकते. नर मात्र तीन-चार वर्षांतच संपतो. शंभर डब्या मांडणाऱ्याने हा हिशेब मनाशी केलेला असतो का? अनेकांनी केलेला नसतो, म्हणूनच पिल्ले विकली जातात किंवा वाटली जातात.

येथे एक दुसरे उदाहरण सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील चेस्टर येथील प्राणिसंग्रहालयात २०१६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मॉंटसेराट बेटाच्या टॅरँट्युलाची सुमारे २०० पिल्ले जन्मली. माणसाच्या देखरेखीखाली ही जात वाढल्याची ती पहिलीच घटना. या जातीची मादी जमिनीत बीळ करून आत जाते आणि महिनोन् महिने दिसत नाही. ती जिवंत आहे की नाही हेही वरून कळत नाही. संग्रहालयाच्या लोकांनी माती उकरून पाहिली नाही, ते थांबले. तेथील पूर्वज कोठून आणले, किती आणले, याची नोंद होती. निळ्या कोळ्याच्या पेट्यांतील प्रजेची तशी नोंद नाही. चोरट्या वाटेने गेलेल्या थोड्याशा प्राण्यांपासून ती वाढली, तिच्यातील नाती गुंतली, आणि पेटीत येणारे रोग तिच्यासोबत असू शकतात. ही पिल्ले उद्या नल्लमलाच्या जंगलात नेऊन सोडावीत, ही कल्पना ऐकायला गोड वाटते. पण तसे करणे तेथल्या उरल्यासुरल्या कोळ्यांच्या दृष्टीने घातक ठरू शकते. आणि सोडायची तरी कोठे?

या कोळ्याला ढोल लागते, आणि ढोल जुन्या झाडालाच असते. सरपणासाठी आणि इमारती लाकडासाठी झाडे तोडली गेली, जंगल तुकड्या-तुकड्यांत उरले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. तिचा ज्ञात अधिवास शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे. पेटीत पिशवी वाचवण्याची विद्या एवढी पुढे गेली, आणि ज्या झाडात मादी ती स्वतःच वाचवते ते झाड मात्र राहत नाही. एका पिशवीतील शंभर पिल्लांना शंभर डब्या मिळू शकतात, शंभर ढोली मिळत नाहीत.

पालकांसाठी कायद्याविषयी दोन शब्द. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया हा संपूर्ण वंश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आला. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन या करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले, आणि असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन पडले. जंगलातून कोळी उचलून आणणे हे तर सर्वथा वर्ज्य. मोबाइलवर परदेशी पाळणाऱ्यांची चित्रे पाहून एखाद्या मुलाने घरी हट्ट धरला, तर ‘शी, कोळी!’ म्हणून त्याला झिडकारू नये. त्याची उत्सुकता खरी आहे. तिला योग्य जागा दाखवावी, आणि ती जागा बहुधा घरातच असते.

भारतातील पुष्कळ घरांत, विशेषतः जुन्या कौलारू घरांत आणि न्हाणीघरांत, भिंतीला सपाट चिकटून बसणारा एक मोठा तपकिरी कोळी आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. जाळे न विणता तो झुरळांची शिकार करतो. कधी कधी त्याच्या मादीच्या पोटाखाली पांढरट, चपटी, नाण्यासारखी चकती दिसते. ती तिची अंड्यांची पिशवी. आठवडेच्या आठवडे ती पिशवी पायांखाली धरून फिरते, म्हणून तिची चाल मंदावलेली असते, आणि म्हणूनच ती केरसुणीच्या तडाख्यात सहज सापडते. तिला पेटी लागत नाही, झोळी लागत नाही, तापमापकही लागत नाही. लागते ती भिंतीची एक बाजू, आणि काही दिवस त्या बाजूचा केर न काढण्याची घरातल्या मोठ्यांची तयारी. मुलाने लांबून, टॉर्च न रोखता, रोज एकदा पाहावे आणि वहीत तारखेसह एक ओळ लिहावी : आज ती कोठे बसली होती, पिशवी होती की नाही. पिल्ले बाहेर पडतात ती बहुधा रात्री, आणि सकाळपर्यंत इकडेतिकडे पांगलेली असतात. त्या सकाळी वहीत कदाचित एवढेच लिहिले जाईल की पिशवी रिकामी आहे, आणि आई छताजवळ गेली आहे.